ब्रिजखालची वायर आणि बोर्डातली तिसरी तार

आजचा भाग हेडफोन लावून ऐका, कारण सुरुवातीलाच एक आवाज ऐकवतो.

[ऑडिओत पाच सेकंद अॅम्पची 'घूंऽऽ' अशी घरघर. मग ती एकदम कमी होते.]

ऐकलंत? ही मी बनवलेली इलेक्ट्रिक गिटार आहे. कोणी वाजवत नाहीये, नुसती अॅम्पला जोडून ठेवलीय. आणि घरघर कमी झाली ना, तिथे मी काहीही केलेलं नाही. फक्त तारेवर एक बोट ठेवलं. बस.

बोट ठेवल्यावर आवाज का कमी होतो, हे कळायला मला एक अख्खी गिटार बनवावी लागली. आणि त्याच बोटामुळे माझ्या बहिणीला शॉक कसा बसला, हे कळायला गणपतीची एक रिहर्सल लागली. आज हे दोन्ही सांगतो. ब्रिज कसा बसवायचा, त्याला ग्राउंड कसं करायचं, हे तर आहेच. पण तुम्ही गिटार बनवणार नसाल, कधीतरी स्टेजवर माइक तेवढा हातात घेणार असाल, तरी शेवटपर्यंत थांबा.

गिटार कोणासाठी?

माझी धाकटी बहीण गाते आणि सोबत गिटार वाजवते. तिच्याकडे साधी अकूस्टिक होती. सोसायटीच्या गणपतीत आपल्याच मुलांचा ऑर्केस्ट्रा करायचा ठरला, तेव्हा तिने घरात जाहीर केलं की आता इलेक्ट्रिक पाहिजे. मी म्हटलं, "विकत कशाला? मी बनवतो." बाबांनी पेपरातून डोकं वर काढून एवढंच विचारलं, "कुठल्या वर्षीच्या गणपतीसाठी?"

तर मंडळी, एप्रिलमध्ये काम सुरू केलं. आमच्या ओळखीच्या सुतारकाकांकडे जुन्या वाड्याच्या दाराचा साग पडून होता. त्याचे दोन तुकडे जोडून 45 मिलिमीटर जाडीची फळी केली आणि त्यातून बॉडी कापली. नेक तयार विकत आणली. पिकअप दोन, दोन्ही हंबकर. वायर, सोल्डर, पॉट, जॅक हे सगळं तापकीर गल्लीतून. पुण्यातल्यांना सांगायला नको, बुधवार पेठेतल्या त्या गल्लीत शिरलं की यादीत नसलेल्या चार वस्तू पिशवीत येतातच.

ब्रिज घेतला तो ट्यून-ओ-मॅटिक पद्धतीचा. गिब्सन कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष टेड मॅकार्टी यांचं नाव या ब्रिजशी जोडलं जातं. 1954 च्या लेस पॉल कस्टम गिटारवर तो आला, आणि आज सत्तर वर्षांनीही जवळपास तसाच आहे. याचे दोन भाग असतात. एक ब्रिज, ज्याच्यावर सहा छोटी सॅडल असतात आणि तारा त्यांच्यावरून जातात. दुसरा त्याच्या मागचा आडवा दांडा, ज्यात तारांची शेवटची टोकं अडकतात. त्याला स्टॉपबार म्हणतात. दोन्ही भाग प्रत्येकी दोन जाड स्क्रूंवर उभे असतात, त्यांना स्टड म्हणायचं. आणि हे स्टड थेट लाकडात जात नाहीत. आधी लाकडात भोक पाडून त्यात धातूची एक नळी ठोकून बसवतात. ती नळी म्हणजे बुशिंग. बुशिंगच्या आतल्या आट्यांत स्टड फिरवून बसतो.

बुशिंग हा शब्द लक्षात ठेवा. माझा घोळ तिथेच झाला.

ब्रिज नेमका कुठे?

इलेक्ट्रिक गिटारमध्ये सगळं काही थोडंफार इकडेतिकडे चालतं. रंग डावा-उजवा झाला, चालतं. बटण दोन मिलिमीटर सरकलं, चालतं. ब्रिजची जागा चुकली तर मात्र गिटार कायमची बेसूर. ट्यूनर लावून मोकळ्या तारा जुळवल्या तरी वरच्या फ्रेटवर गेलात की सूर हलणार.

हिशेब सोपा आहे. नटपासून, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाच्या त्या पट्टीपासून, बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजा. त्याची दुप्पट म्हणजे स्केल लेंथ. माझ्या नेकवर बारावा फ्रेट 314 मिलिमीटरवर होता, म्हणजे स्केल 628 मिलिमीटर. ब्रिज नटपासून साधारण तेवढ्यावर येतो.

'साधारण' का म्हटलं? कारण तार दाबली की ती थोडी ताणली जाते आणि सूर किंचित चढतो. जाड तारांना ही गोष्ट जास्त जाणवते. म्हणून तारेची लांबी थोडी वाढवून ती चूक भरून काढतात. त्यामुळे हा ब्रिज सरळ बसत नाही, तिरका बसतो. मी पातळ तारेकडचा स्टड 630 वर घेतला आणि जाड तारेकडचा 633 वर. तीन मिलिमीटरचा तिरकेपणा. पुढचं बारीक काम सॅडल मागेपुढे करून होतं, पण सॅडलला सरकायला जागा अगदी थोडी असते. मूळ भोकच सात-आठ मिलिमीटर चुकलं तर सॅडल काही करू शकत नाही.

दुसरी गोष्ट, आडवं मोजमाप. माझ्या ब्रिजच्या दोन स्टडमधलं अंतर 74 मिलिमीटर होतं, स्टॉपबारचं 82. हे बहुतेक ठिकाणी असंच असतं, तरी हातातला भाग व्हर्निअरने मोजल्याशिवाय खूण करू नका. आणि मध्यरेषा बॉडीच्या मधून काढू नका, नेकच्या मधून काढा. मी नटच्या दोन टोकांच्या खाचांतून शिवणाचा दोरा ओढून ब्रिजच्या दोन टोकांच्या सॅडलपर्यंत नेला. दोन्ही दोरे फिंगरबोर्डच्या कडेपासून सारख्या अंतरावर दिसेपर्यंत ब्रिज सरकवला. मग मास्किंग टेपवर खूण केली आणि खिळ्याच्या टोकाने टोचा मारला, म्हणजे ड्रिलचा बिट घसरत नाही.

भोकं पाडली आणि घाई केली

भोकं पाडायला सुतारकाकांचं ड्रिल स्टँड वापरलं. हातातल्या मशीनने पाडू नका. भोक किंचित जरी कललं तरी स्टड कलतो, आणि मग ब्रिज त्यात अडकतो. माझ्या बुशिंगना 11 मिलिमीटरचा बिट लागला. आधी त्याच सागाच्या उरलेल्या तुकड्यात एक भोक पाडून बुशिंग बसवून पाहिलं. घट्ट बसलं, लाकूड चिरलं नाही, म्हणजे माप बरोबर.

चारही भोकं सुंदर झाली. काका म्हणाले, "वा, हात बसला तुझा." झालं! माझी छाती फुगली. संध्याकाळ होत आली होती, बुशिंग समोर होती, सी-क्लॅम्प हातात होता. मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवून एकेक बुशिंग क्लॅम्पने दाबत आत बसवली. हातोडी वापरली नाही, हे शहाणपण. चारही बुशिंग पृष्ठभागाशी एकदम सपाट. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

रात्री वायरिंगचा नकाशा काढायला बसलो. पॉट इथे, स्विच इथे, जॅक इथे, आणि मग एक रेघ राहिली. ब्रिज ग्राउंड. ती वायर बुशिंगच्या खालून येते. म्हणजे बुशिंग बसवायच्या आधी टाकायची असते. माझी चारही बुशिंग आत. घट्ट. काकांनी 'वा' म्हटलेली.

आता घाबरू नका, बुशिंग बाहेर काढायची एक युक्ती आहे. बुशिंगचं खालचं तोंड उघडं असेल तर त्यात एक छोटा लोखंडी तुकडा टाकायचा. मी डोकं कापलेला बोल्ट टाकला. मग वरून स्टड फिरवत आत न्यायचा. स्टड खालच्या तुकड्यावर टेकतो आणि त्याला पुढे जायला जागा उरत नाही. तुम्ही फिरवत राहिलात की बुशिंगच हळूहळू वर येते. जॅकने गाडी उचलतात ना, अगदी तसं. भोवती टेप लावा, नाहीतर कडेचं लाकूड उचकटतं. माझं थोडं उचकटलं. आजही स्टॉपबारच्या खाली ती खूण आहे.

ही वायर करते तरी काय?

एवढा खटाटोप एका वायरसाठी कशाला, असं वाटेल तुम्हाला. मलाही वाटलं होतं. मी बी.टेक. केलंय, पहिल्या वर्षी बेसिक इलेक्ट्रिकल पासही झालोय. पण 'ग्राउंड' म्हणजे नकाशातली तीन आडव्या रेघांची खूण, यापलीकडे त्याचा विचार कधी केला नव्हता.

बघा. आपल्या घराच्या भिंतींतून 230 व्होल्ट फिरत असतो, सेकंदाला 50 वेळा पुढेमागे होणारा. त्या वायरींचं विद्युत क्षेत्र खोलीभर पसरलेलं असतं. तुमचं शरीर म्हणजे खाऱ्या पाण्याची भलीमोठी पिशवी, ती हे सगळं अँटेनासारखं पकडते. आणि ही अँटेना गिटारच्या पिकअपला आणि आतल्या वायरींना अगदी चिकटून बसलेली असते. त्यातून ती घरघर पिकअपच्या सिग्नलमध्ये शिरते.

आता तारा ग्राउंडला जोडल्या आणि तुम्ही तारेला हात लावला, की तुमचं शरीरही त्या ग्राउंडच्याच पातळीवर येतं. मग ते घरघर पुरवत नाही. उलट मध्ये पडद्यासारखं उभं राहतं. सुरुवातीला ऐकवला तो फरक हाच.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. घरघर दोन प्रकारची असते. ही पहिली झाली. दुसरी चुंबकीय, ट्रान्सफॉर्मरसारख्या वस्तूंमुळे थेट पिकअपच्या कॉइलमध्ये येणारी. तिच्यावर तारेला हात लावून फरक पडत नाही. त्यासाठी हंबकर आहे. त्यात दोन कॉइल अशा उलटसुलट जोडलेल्या असतात की बाहेरची घरघर एकमेकींत विरते आणि तारेचा आवाज उरतो. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी 1955 साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. तेव्हा "मी हंबकर लावलाय, मला ग्राउंड वायर नको" असं कोणी म्हणालं तर ते चूक. दोघांची कामं वेगळी आहेत.

वायर टाकली

ग्राउंडची वायर टाकायची म्हणजे मागच्या कंट्रोल कॅव्हिटीतून, जिथे पॉट बसतात त्या खोबणीतून, स्टॉपबारच्या जवळच्या स्टडच्या भोकापर्यंत बोगदा हवा. हा बोगदा लाकडाच्या पोटातून जातो, बाहेरून दिसत नाही. मी 3 मिलिमीटरचा लांब बिट घेतला. कॅव्हिटीच्या पलीकडच्या काठावर टेकवून, जवळजवळ आडवा धरून, अलीकडच्या भिंतीत ड्रिल केलं. आधी कागदावर बॉडीचा आडवा छेद काढला होता, जाडी, कॅव्हिटीची खोली, स्टडच्या भोकाची खोली, सगळं खऱ्या मापात. हे केलंच पाहिजे. कोन थोडा जास्त झाला तर बिट सरळ गिटारच्या दर्शनी बाजूने बाहेर डोकावतो, आणि मग त्यावर स्टिकर लावण्यापलीकडे इलाज नाही.

बोगदा बरोबर भोकाच्या तळाशी निघाला. मी एकटाच होतो, तरी जोरात "येस" ओरडलो.

मग बारीक तारांची लवचिक वायर आत सरकवली. भोकात आलेलं टोक दोन सेंटिमीटर सोलून तारा पसरवल्या आणि भोकाच्या भिंतीला लावून वर वळवल्या. बुशिंग पुन्हा क्लॅम्पने दाबली, की त्या तारा बुशिंग आणि लाकूड यांच्यात घट्ट चिमटल्या जातात. इथे सोल्डर लागत नाही. पण दाबून झाल्यावर लगेच मल्टिमीटरने तपासा. एक टोक बुशिंगला, दुसरं कॅव्हिटीतल्या वायरला. बीप आला पाहिजे आणि रीडिंग 1 ओहमच्या आत पाहिजे. स्टडला काळा रंग असेल तर सावध, रंग वीज अडवतो. आट्यांवरचा रंग थोडा खरवडावा लागतो.

एकाच स्टडला वायर का पुरते, हा प्रश्न मला पडला होता. स्टडला स्टॉपबार टेकलेला, स्टॉपबारला सहाही तारा, तारांना ब्रिज. सगळा धातू एकमेकांना चिकटलेला, म्हणून एक वायर पुरे.

वायरचं दुसरं टोक व्हॉल्यूम पॉटच्या पाठीवर सोल्डर केलं. पॉटची पाठ आधी पॉलिश पेपरने घासा, नाहीतर सोल्डर पाण्याच्या थेंबासारखा गोळा होऊन घरंगळतो. 25 वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने मला जमेना, ते पत्रं तापेचना. 60 वॅटचं आणलं, तीन-चार सेकंदांत काम झालं. जास्त वेळ धरलं तर आतलं पॉट जळतं. बाकी पिकअपचे ग्राउंड, स्विचचा ग्राउंड, सगळे तिथेच आणले, आणि तिथून एक वायर जॅकच्या बाहेरच्या टर्मिनलला, ज्याला स्लीव्ह म्हणतात.

तारा चढवल्या, अॅम्प लावला. घरघर. तारेला बोट लावलं. शांत. बोट काढलं, घरघर. लावलं, शांत. दहा मिनिटं मी एवढंच करत होतो. तुमच्याकडे उलटं झालं, म्हणजे तारेला हात लावल्यावर घरघर वाढली, तर जॅकच्या दोन वायरी उलट जोडल्या आहेत असं समजा. फरकच पडला नाही, तर ब्रिजची वायर कुठेतरी सुटली आहे.

ऑगस्टमध्ये गिटार बहिणीच्या हातात दिली. बाबांना म्हटलं, "याच वर्षीच्या."

"दादा, ओठाला काहीतरी चावलं"

रिहर्सल सोसायटीच्या पार्किंगमध्ये होती. मांडव घातलेला, वरून पाऊस, खाली फरशी ओली. स्टेजवर गणपतीची जागा म्हणून सगळे अनवाणी. साउंडवाल्याचा मिक्सर आणि माइक एका बाजूला. आमचा गिटारचा अॅम्प दुसऱ्या टोकाला, म्हणून मी घरून आमचा लांब एक्स्टेंशन बोर्ड आणला होता.

बहिणीने गिटार अडकवली, एक कॉर्ड धरली, आणि गायला माइकजवळ गेली. ओठ जाळीला लागले मात्र, ती झटक्यात मागे सरली. म्हणाली, "दादा, ओठाला काहीतरी चावलं."

मी म्हटलं, "माइकला मुंगी असेल." खरंच असं म्हटलं मी. तिने परत प्रयत्न केला, परत तेच. मग ड्रम वाजवणारा मुलगा म्हणाला, "अरे, घरी बनवलेली गिटार आहे ना? वायरिंग चुकलं असेल." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला इतकी लाज वाटली की मी आधी गिटारच उघडली. तासभर सगळे जोड तपासले. एकही चुकलेला नव्हता.

मग डोक्यात आलं, आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवला. एक टोक तारेला, एक टोक माइकच्या जाळीला. आकडा आला 100 व्होल्टच्या आसपास. मी बहिणीकडे बघितलं. ती ओल्या फरशीवर अनवाणी उभी होती.

आता हे कुठून आलं? अॅम्पच्या पिनकडून मागे मागे शोधत गेलो. अॅम्पचा प्लग तीन पिनांचा, ठीक. तो गेला एक्स्टेंशन बोर्डात. बोर्डाला तीन भोकांचं सॉकेट, ठीक. बोर्ड उघडला. वरच्या मोठ्या भोकाच्या मागचा स्क्रू रिकामा. अर्थिंगची तारच नाही. बोर्डापासून प्लगपर्यंतची वायर दोन तारांची.

आणि तो बोर्ड कोणी बनवला होता? मी. कॉलेजात असताना, हॉस्टेलच्या खोलीत, घरात पडलेल्या दोन तारांच्या वायरीचा. तेव्हा मोबाइल चार्ज व्हायचे, टेबल फॅन चालायचा, कधी काही झालं नाही. ब्रिजखालच्या एका वायरसाठी मी तीन संध्याकाळी घालवल्या होत्या, आणि त्याच वायरची पुढची कडी सात वर्षांपूर्वी मीच गाळली होती.

ती साखळी बोटाने धरून बघा. बहिणीचा हात तारेवर. तार स्टॉपबारला, स्टॉपबार बुशिंगला, बुशिंग माझ्या वायरने जॅकला. जॅक केबलच्या बाहेरच्या जाळीने अॅम्पच्या लोखंडी सांगाड्याला. सांगाडा तिसऱ्या पिनने भिंतीतल्या अर्थिंगला, आणि अर्थिंग खाली जमिनीत. हा रस्ता पूर्ण असेल तर सांगाडा जमिनीच्या पातळीवर राहतो, आणि तारा पण. तिसरी पिन कुठे पोचतच नसेल, तर सांगाडा लोंबकळत राहतो. अनेक उपकरणांत घरघर गाळायला मुख्य वायर आणि सांगाडा यांच्यात छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे सांगाड्यावर 230 च्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज येऊ शकतं. त्यातून करंट अगदी थोडा वाहतो, म्हणून ते 'चावतं' आणि सोडून देतं. मिक्सरचं अर्थिंग नीट होतं. म्हणजे माइक जमिनीच्या पातळीवर, गिटार वर, आणि मध्ये माझ्या बहिणीचे ओठ.

हे नशीब होतं, मित्रांनो. अॅम्पच्या आत एखादी वायर तुटून फेज सांगाड्याला टेकला असता, तर तोच रस्ता, पण पूर्ण 230 व्होल्ट. अर्थिंग असतं तर अशा वेळी मोठा करंट जमिनीकडे धावतो आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो. अर्थिंग नसेल तर तो वाट बघतो. कोणीतरी तारेला आणि माइकला एकदम हात लावण्याची.

आणि हे नुसतं भीती घालणं नाही. स्टोन द क्रोज नावाच्या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी, मे 1972 मध्ये वेल्समधल्या स्वॉन्झी शहरात स्टेजवर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून गेला. प्रेक्षकांसमोर.

मग ग्राउंड करायचंच नाही का?

हा प्रश्न बहिणीनेच विचारला. "दादा, तू ती वायर टाकलीच नसतीस तर मला शॉक बसला नसता ना?"

खरं आहे. तारा ग्राउंडला जोडल्याच नसत्या तर तो रस्ता तिथेच तुटला असता. ईएमजी कंपनीच्या अॅक्टिव्ह पिकअपबरोबर तर कंपनीच सांगते की तारांची ग्राउंड वायर काढून टाका. त्या पिकअपना तिची गरज पडत नाही, आणि शॉकचा धोका कमी होतो. पण माझ्यासारख्या साध्या पिकअपच्या गिटारमध्ये ती वायर काढली तर घरघर सहन होत नाही. शिवाय जॅक आणि केबलचं टोक धातूचंच असतं, हात तिथेही लागतो. दोष त्या वायरचा नाहीये. तिने तिचं काम चोख केलं, बहिणीला अॅम्पच्या सांगाड्याशी जोडलं. सांगाडा कशाशी जोडलाय हे बघणं माझं काम होतं.

त्या दिवशी मी रिहर्सल थांबवली. बोर्ड तिथेच कापून टाकला, म्हणजे परत कोणी उचलू नये. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या वायरमनकाकांना बोलावलं. त्यांनी तीन तारांच्या वायरीचा नवा बोर्ड करून दिला, पार्किंगमधलं सॉकेट तपासलं आणि मांडवाच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. करंट जातोय तेवढा परत येत नाहीये, म्हणजे कोणाच्या तरी अंगातून जमिनीत चाललाय, हे ओळखून तो क्षणात लाइन तोडतो. मग मी पुन्हा मल्टिमीटर धरला. तार ते माइक, एक व्होल्टही नाही. तरी बहीण माइकजवळ जाताना मी श्वास धरून होतो.

जाता जाता, हे तपासा

गिटार बनवत असाल तर: बुशिंग दाबण्याआधी वायर टाका. दाबल्यावर मल्टिमीटर लावा. शेवटी गिटार कशालाही न जोडता तार आणि जॅकची स्लीव्ह यांच्यात बीप येतोय का बघा.

स्टेजवर जात असाल तर: अॅम्प आणि मिक्सर शक्यतो एकाच सॉकेट लाइनवर घ्या. गाण्याआधी तार आणि माइकची जाळी यांच्यात एसी व्होल्ट मोजा. दहा-वीस व्होल्ट जरी दिसले तरी थांबा, वायरमनला बोलवा. सॉकेट स्वतः उघडू नका. सॉकेटमध्ये खोचून बघायचा दिव्यांचा टेस्टर मिळतो, तो बॅगेत ठेवा. त्याने अर्थिंगची तार सुटली असेल तर कळतं. चप्पल-बूट घाला, माइकवर फोमची टोपी लावा. पण हे छत्रीसारखं आहे, छप्पर गळतं ते गळतंच. गिटारला वायरलेस लावलात तर तिचा अॅम्पशी तारेचा संबंधच तुटतो, तोही एक चांगला मार्ग.

आणि एक गोष्ट कधीच करू नका. घरघर येते म्हणून कोणी सल्ला देईल, "तिसरी पिन काढून टाक, आवाज जाईल." जाईलही आवाज. पण ती पिन आवाजासाठी नसतेच.

गणपतीत कार्यक्रम झाला. बहिणीने तीन गाणी म्हटली, तिसऱ्या गाण्यात पावसाने मांडव गळायला लागला, तरी लोक उठले नाहीत. बाबा पहिल्या रांगेत होते. कार्यक्रमानंतर त्यांनी गिटार हातात घेऊन उलटीसुलटी बघितली, स्टॉपबारखालची उचकटलेली जागा त्यांना बरोबर दिसली. म्हणाले, "हे काय झालं?"

मी म्हटलं, "घाई."

तर मित्रांनो, आज घरी गेलात की एक काम करा. घरातला एक्स्टेंशन बोर्ड उचला आणि त्याच्या वायरीच्या टोकाचा प्लग बघा. दोनच पिना असतील, तर वरच्या त्या तिसऱ्या भोकामागे काहीही नाही. तीन पिना असतील, तरी आत तार आहे का ते वायरमनकडून एकदा बघून घ्या. माझ्या बोर्डाच्या प्लगलाही तीनच होत्या.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाजवत राहा.

[ऑडिओत पुन्हा घरघर. बोट. शांतता. मग एक मोकळी कॉर्ड.]